शेपटीकडचं पाणी

सावंगीच्या धरणात रुपराव नान्हे गेला तो पोळ्यानंतरच्या पाचव्या दिवशी. तेव्हापासून त्याची बायको कौशल्या धड सवाष्ण राहिली नाही की धड विधवा झाली नाही. अंग सापडलं असतं तर रडून मोकळी झाली असती. अंगच सापडलं नाही. तेराव्याला भावकीतले चार शहाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळू म्हणाले, तसा तिचा सासरा महादेवराव खाटेवर उठून बसला.

"माह्या पोराच्या नावानं पानं नका जाळू," तो म्हणाला. "मासोळी हाती लागल्याबिगर ढिवर जाळं झाडत नाई."

डोळे गेलेल्या म्हाताऱ्यापुढं कोण बोलणार? पुतळा राहिला. कपाळावरचं कुंकू राहिलं, हातातल्या हिरव्या बांगड्या राहिल्या, आणि त्या बांगड्यांकडं टकामका पाहणारे लोकही राहिले. माघात दामिनीचं डोहाळजेवण झालं. दामिनी ही तिची एकुलती लेक, खापरखेड्याच्या कॉलनीत दिलेली. ओटी भरायची वेळ आली तशी विहीण नारळ हातात घेऊन कौशल्यापाशी आली, बांगड्यांकडं पाहिलं, कपाळाकडं पाहिलं, आणि नारळ शेजारच्या बाईच्या हातात दिला. "ताई थकल्या असतील प्रवासानं," म्हणाली. कौशल्या उठली आणि आत जाऊन भांडी घासत बसली. कोणी घास म्हटलं नव्हतं, पण नको असंही कोणी म्हटलं नाही.

वैशाख लागला तसं धरण आटत गेलं. काठापासून पाण्यापर्यंत दोनशे पावलं भेगाळलेला गाळ तुडवावा लागे. कौशल्या आणि तिचा धाकटा दीर लहानू उन्हं चढायच्या आत निघत. खाद्याचं पोतं लहानूच्या खांद्यावर, बादली आणि डबा कौशल्याच्या हातात. डोंग्यात बाई बसत नाही, असा ढिवरांचा जुना दंडक. बाईनं जाळं विणावं, टोपलं डोक्यावर घेऊन मासोळी विकावी, पण डोंग्याला पाय लावू नये. रुपराव गेल्यावर धरणातल्या त्याच्या मासे पाळायच्या पिंजऱ्यांवर उतरायला गावातला एकही गडी तयार होईना. तेव्हा कौशल्यानं लुगडं खोचलं आणि डोंग्यात जाऊन बसली. गावानं चार दिवस तोंडं वाकडी केली, पाचव्या दिवशी विसरलं. गावाला काय, रोज नवा विषय लागतो.

लहानू मात्र अडून राहिला तो राहिला. चाळिशीचा आडदांड गडी, पन्नास किलोचं पोतं एका हातानं फेकणारा. पण पिंजऱ्याशी आला की वल्हं आडवं धरायचा.

"वहिनी, तू उतर. मी डोंगा धरून ठेवतो."

रोज हेच. जिथून भाऊ गेला तिथं पाय कसा ठेवू, हे तो कधी बोलला नाही आणि कौशल्यानं कधी विचारलं नाही.

चार पिंजरे होते. निळ्या ड्रमांवर लोखंडी सांगाडा, त्याला खाली सोडलेली जाळी, आणि मधून चालायला हातभर रुंदीची पट्टी. सकाळी सातलाच ती पट्टी तव्यासारखी तापायची. दोऱ्यांच्या गाठी अजून रुपरावनं मारलेल्याच होत्या. रुपराव डावखुरा. त्याच्या गाठीचा फेर उलटा बसायचा. महादेवरावनं लहानपणी त्याच्या बोटांवर जाळं विणायच्या सुईनं मारमारून पाहिलं, पण पोरगं काही सुधारलं नाही. सावंगीत कुठंही उलट्या फेराची गाठ दिसली की ती रुपरावची, हे शेंबडं पोरही सांगे. लहानूला ती सोडवता येत नसे. "ह्या बुवाच्या गाठी!" असं म्हणून तो पूर्वी शिव्या घालायचा. आता त्या गाठींना कोणी हात लावत नव्हतं.

जाळीत पंगस मासे फिरत होते. साचलेल्या पाण्यात हा मासा एका जागी थांबत नाही. हजार मासे असोत की दोन हजार, सगळे एकाच अंगानं गोल गोल फिरतात, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे. पण यंदा त्या फिरण्यात जीव नव्हता. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. कौशल्यानं मूठभर दाणे टाकले. चार माशांनी तोंड लावलं, बाकीचे दाणे तसेच तरंगत राहिले. कोपऱ्यात सहा मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. तिनं ते डब्यानं उपसून बादलीत टाकले.

"किती?" लहानूनं डोंग्यातून विचारलं.

"सहा. काल चार होते."

तेवढ्यात पलीकडं भिंतीवरचा भोंगा वाजला. तालुक्याच्या पिण्याच्या पाण्यासाठी उन्हाळ्यात सोमवारी आणि शुक्रवारी धरणाचं दार उघडत. त्या दिवशी सोमवार होता. कौशल्याला पुढचं पाहायचं नव्हतं, आणि न पाहता राहवतही नव्हतं. ती पट्टीवर उकिडवी बसली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक मासा फेऱ्यातून बाहेर पडला आणि थांबला. त्याच्यामागं दुसरा, तिसरा. बघता बघता सगळा फेरा मोडला आणि हजारभर मासे एका रेषेत उभे राहिले. तोंडं सगळ्यांची धरणाच्या भिंतीकडं. शेपट्या तेवढ्या हळूहळू हलत होत्या. चारी पिंजऱ्यांत तेच. एकही मासा दुसरीकडं पाहत नव्हता.

कौशल्याच्या अंगावर काटा आला. दर वेळी येई. तिनं पदराच्या टोकाला बांधलेला भाताचा गोळा सोडला आणि भिंतीच्या दिशेनं पाण्यात ठेवला.

"जेवा," ती हळूच म्हणाली.

लहानू वल्ह्याकडं पाहत राहिला.

गुरुवारी अश्विन आला. नागपूरच्या नंदनवन वस्तीतला हा पोरगा मत्स्यपालनाचं शिक्षण घेऊन खाद्य विकणाऱ्या दुकानात लागला होता. महिन्यातून एकदा मोटारसायकलवर येऊन मासे बघून जाई. पोहता येत नव्हतं, म्हणून डोंग्यात बसला की दोन्ही काठ घट्ट धरायचा आणि गावातल्या बायांची करमणूक करायचा. पण माशांचं त्याला कळत होतं. त्यानं पाण्यात एक यंत्र बुडवलं आणि तोंड वाकडं केलं.

"काकू, या पाण्यात हवाच उरली नाही. बसलं आहे हे पाणी. चार-पाच दिवस काढतील मासे, मग एखाद्या सकाळी येऊन पाहाल तं सगळे उलटे."

"मंग काय कराचं?"

"पिंजरे हलवा ना. जिथं थोडं वाहतं पाणी आहे तिथं न्या. हे पाहा, बसलेल्या पाण्यात मासा गोल फिरून राहते. फिरून फिरून थकते, एकमेकाले धडकते, दाणा अंगी लागत नाही. वाहतं पाणी आलं का तो फिरणं सोडते आणि पाण्याच्या तोंडावर उभा राहते. मस्त राहते मग, निवांत."

"पाण्याच्या तोंडावर?"

"म्हणजे पाणी जिकडून येते ना, तिकडे डोकं करते. डोक्याकडून पाणी येते, शेपटीकडं जाते."

कौशल्या दाणे टाकत होती. तिचा हात थांबला.

"मासोळी पाणी जाते तिकडे नाई पाहत?"

अश्विन हसला. "नाही ना काकू! जाते तिकडे तोंड केलं तं वाहून नाही का जाणार तो? आलेल्या पाण्याले तोंड द्या लागते."

"पण दार तं तिकडे आहे," ती म्हणाली. "दार उघडलं का पाणी भिंतीकडेच जाईन ना?"

"मधातलं जाते. पण इथं हे डोंगराचं नाक पुढं आलं आहे, म्हणून काठाकाठानं पाणी उलटं फिरते. नालीत नाही पाहत तुम्ही? मधातून पाणी जोरात चाललं का कोपऱ्यातला कचरा मागं येते. तसंच. इथलं पाणी भिंतीकडून येते आणि मागं, त्या नाकाच्या पलीकडे जाते. तिथंच न्या ना पिंजरे, नाकाच्या तोंडाशी."

"तिकडे जुना मरघट आहे," लहानू डोंग्यातून म्हणाला. "बुडालेल्या सावंगीचा. मेलेली माणसं तिथं जाळत. तिकडे ढिवर जात नाई."

कौशल्या पट्टीवर मटकन बसली. तापलेलं लोखंड मांडीला लागलं तरी तिला कळलं नाही.

"काकू, ऊन लागलं काय?"

"नाई," ती म्हणाली. "पुन्यांदा सांग. डोकं जिकडे, पाणी तिकडून येते?"

"हो."

"अन् जाते?"

"शेपटीकडे. सांगतलं ना."

रुपराव गेला त्या दिवशी काय झालं ते सांगायला हवं. भादव्यात पावसानं दडी मारली होती आणि धानाला पाणी हवं म्हणून धरणाचं दार उघडलं होतं. रुपराव एकटाच पिंजऱ्याच्या दोऱ्या ताणायला गेला होता. दिवस कलता कौशल्या डबा घेऊन काठावर आली. तेव्हा पाणी वर होतं, पिंजरे काठापासून हाकेच्या अंतरावर होते. डोंगा पिंजऱ्याला बांधलेला होता, एक दोरी तुटून लोंबत होती, रुपराव नव्हता. ती पाण्यात उतरली आणि काठावरून पिंजऱ्याला बांधलेला दोर धरत धरत पिंजऱ्याशी गेली. लग्नानंतर पहिल्यांदाच. आणि तिनं खाली पाहिलं तर सगळे मासे एका जागी उभे, भिंतीकडं तोंड करून. कोणी जाताना सगळं घर दाराशी उभं राहून पाहतं ना, तसे.

तिनं बोंब मारली. गाव धावलं. "कुठं गेला? कुणीकडे वाहत गेला?" सगळ्यांनी एकच विचारलं. कौशल्यानं भिंतीकडं बोट केलं.

"तू पायलं?"

"हाव. पायलं."

पाहिलं नव्हतं. माशांनी दाखवलं होतं. पण मासे सांगतात असं म्हटलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं, म्हणून ‘पायलं’ म्हणाली. आणि दार तर तिकडंच उघडं होतं, त्यामुळं कोणाला शंकाही आली नाही. सात डोंगे भिंतीकडं गेले. अंधार पडेपर्यंत गळ टाकले, हाका मारल्या. त्या रात्री वरच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि सकाळपर्यंत धरण दोन पुरुष चढलं. पुढं तीन दिवस भिंतीलगतचं पाणी वीत वीत चाळून झालं. डोंगराच्या नाकामागं एकही डोंगा गेला नाही. कसा जाणार? रुपरावच्या बायकोनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

घरी येताना कौशल्या लहानूच्या पुढं चालत होती. काय झालं म्हणून लहानूनं दोनदा विचारलं, पण तिची पावलं थांबली नाहीत.

महादेवराव अंगणातल्या दगडावर बसला होता. रोज संध्याकाळी बसायचा. काचबिंदू झाला होता, पोळ्याच्या आधी त्याला नागपूरला नेलं, वीस दिवस दवाखान्यात ठेवलं, पण उशीर झाला होता आणि दृष्टी गेली ती गेलीच. तेव्हापासून तो धरणाच्या भिंतीकडं पाठ करून बसायचा. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला दिशा कळत नाही. शेजारची इंदुताई कितीदा तरी त्याला खांद्याला धरून फिरवायची. "महादेवराव, धरण इकडे आहे गा." तो हूं म्हणायचा आणि ती गेली की परत वळायचा.

कौशल्यानं आज तो कुठं तोंड करून बसलाय ते नीट पाहिलं. समोर डोंगराचं नाक होतं.

 ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"मामाजी, भिंत तुमच्या पाठीशी आहे."

"ठाऊक आहे मले."

"मंग इकडे तोंड करून काहून बसता?"

 महादेवरावची बोटं मांडीवर हलत होती, हातात जाळ्याची सुई असल्यासारखी.

"मासोळी डोकं करते तिकडून पाणी येते म्हणे," कौशल्या म्हणाली. "तो अश्विन सांगून राहिला होता."

"लहान पोराले बी समजते मग," म्हातारा म्हणाला. "पन्नास वर्षं पाण्यात काढली म्या. मासोळी पाण्याले तोंड देते वं पोरी, माणसाले नाई."

"तुमाले कवापासून ठाऊक आहे?"

"तेराव्याच्या आदल्या दिवशी मले नागपुरावून आणलं. इंदू रडत रडत सांगत होती, का मासोळ्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या म्हणून कौशल्यानं बोट केलं. तिले वाटलं लय मोठा चमत्कार सांगून राहिली. तवाच समजलं मले पोरगं कुठं असन."

कौशल्यानं फक्त इंदुताईला सांगितलं होतं, तेही शपथ घालून. इंदुताईच्या पोटात पाणी टिकत नाही हे तिला माहीत असायला हवं होतं. पण आता इंदुताईवर चिडून काय होणार होतं?

"आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने तुमी इकडे तोंड करून बसले अन् मले एका शब्दानं सांगतलं नाई?"

"काय सांगू? का तुह्या नवऱ्याले शोधाले सात डोंगे निघाले, अन् तू सातही उलटे धाडले?" त्याचा आवाज फाटला. "बारा दिवस झाले होते तवा. पोरगं तं येत नोतं वापस. मंग तुलेही काहून बुडवू? तू रोज त्या पिंजऱ्यावर जातं, रोज तीच मासोळी पाहतं. कशी जगली असती?"

"मंग पुतळा तरी जाळू द्याचा होता."

"थेही झालं नाई माह्यानं. हाडं तिथं पडून हायेत हे ठाऊक असताना पानं कशी जाळू? ना सांगता आलं, ना जाळू देता आलं. तुह्या बांगड्या वाजल्या का मी कानावर हात ठेवतो, कौशल्या. रोज."

कौशल्या ढसाढसा रडली. आठ महिन्यांत असं रडणं तिच्या वाट्याला आलं नव्हतं, कारण कशासाठी रडायचं तेच ठरलं नव्हतं. म्हाताऱ्यानं हात पुढं करून चाचपडत तिचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. इंदुताई कुडाशी आली, दोघांना पाहून उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदाच काही न विचारता परत गेली.

"उद्या शुक्रवार आहे," थोड्या वेळानं कौशल्या डोळे पुसत म्हणाली. "दार उघडते. मी जाणार आहे तिकडे."

"मीही येतो," महादेवराव म्हणाला.

सकाळी लहानू आधी नाहीच म्हणाला. मरघटात डोंगा घालू नये, मेलेल्याला उठवू नये, आणि आंधळ्या बापाला नि बाईला घेऊन तर नाहीच नाही. कौशल्यानं ऐकून घेतलं आणि स्वतःच वल्हं उचललं.

"तू राहा काठावर, भाऊजी. मासे मरून राहिले. पाणी कुठं जाते थे पाहाच लागन मले."

लहानूनं तिच्या हातातून वल्हं ओढून घेतलं. त्यानं बापाला पाठुंगळी घेतलं, गाळातून नेलं आणि डोंग्यात बसवलं.

कौशल्यानं सोबत धानाचा कोंडा आणला होता, टोपलंभर. पिंजऱ्याशी आले तेव्हा मासे अजून फिरत होते, थकलेले, तोंडं वासलेले. मग भोंगा वाजला. फेरा मोडला. मासे वळले, उभे राहिले, भिंतीकडं तोंडं करून. आज कौशल्यानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं नाही. ती पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला गेली आणि शेपट्यांच्या पलीकडं कोंडा पाण्यावर पसरला.

कोंडा आधी जागच्या जागी तरंगला. मग हळूच निघाला. भिंतीकडं नाही, मागं.

"चालला काय?" महादेवरावनं विचारलं.

"चालला."

"त्याच्या मागं चल, लहानू. घाई नको करू. त्याच्या चालीनं चल."

कोंडा पुढं आणि डोंगा मागं, असे ते डोंगराच्या नाकाला वळसा घालून गेले. पलीकडं पाणी उथळ होत गेलं, गढूळ झालं. बुडालेल्या गावाचा मरघट होता तिथं आता गाळ उघडा पडला होता आणि गाळाच्या कडेला एक चिंचेचं झाड उभं होतं. तीस-पस्तीस वर्षं पाण्याखाली राहिलेलं, साल गेलेलं, काळं. धरण भरलं की त्याचा हातभर शेंडा तेवढा दिसायचा, आणि वरून पाणी आलं की तोही बुडायचा. कोंडा त्या बुंध्याशी जाऊन गोळा झाला आणि तिथंच फिरत राहिला.

लहानूनं वल्हं थांबवलं. "वहिनी," तो म्हणाला. "वर पाह्य."

शेंड्याजवळच्या फांदीला रुपरावचा खांद्यावरचा दुपट्टा होता. रामटेकच्या जत्रेतला, लाल-पिवळ्या चौकटीचा टेरिकॉटचा. रंग गेला होता, कडा फाटल्या होत्या, पण चौकट दिसत होती. फांदीभोवती दोन वेढे आणि खाली एक फेर लोंबत होता. माणसाच्या छातीएवढा.

मग लहानूनं खाली बुंध्याशी गाळात पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून खाली बसला. कौशल्यानंही पाहिलं. जे उरलं होतं त्यात चांदीचा करदोडा होता. लग्नात तिच्या बापानं दिलेला.

ती बराच वेळ उभी होती. डोंगा हलत होता आणि तिचा तोल जात नव्हता.

"काय आहे?" महादेवराव विचारत होता. "कोणी बोलत काहून नाई? लहानू, काय आहे गा?"

"सापडले, मामाजी," कौशल्या म्हणाली.

म्हाताऱ्याची मान खाली गेली. मग त्यानं विचारलं, "अजून काय आहे?"

"दुपट्टा आहे. फांदीले."

"अटकला?"

 कौशल्यानं डोंग्यातला कोयता घेतला, बुंध्याला धरून झाडावर चढली आणि ती फांदी तोडली. जुनं लाकूड होतं, चार घावांत आलं. फांदी दुपट्ट्यासकट तिनं सासऱ्याच्या मांडीवर ठेवली. ठेवायला नको होती, असं तिला नंतर वाटलं. पण त्या वेळी ज्याचं त्याला द्यावं एवढंच सुचलं.

महादेवरावची बोटं कापडावरून फिरत गेली आणि गाठीशी थांबली. त्यानं गाठ चाचपली. वरून, खालून, पुन्हा वरून. अंगठा फेरावरून फिरवला. फेर उलटा होता.

कौशल्या त्याच्या बोटांकडं पाहत होती. तिनं वीस वर्षं जाळी विणली होती, तिला कोणी सांगायची गरज नव्हती. वाहून आलेल्या मेल्या माणसाला गाठ मारता येत नाही. रुपराव इथं जिवंत आला होता. शेंड्याला धरून, दमलेल्या हातांनी त्यानं स्वतःला बांधून घेतलं होतं, कोणी येईपर्यंत तग धरावा म्हणून. नाकाच्या पलीकडं सात डोंगे त्याच्या नावानं हाका मारत होते, त्या त्याला ऐकू आल्या असतील. त्यानंही मारल्या असतील. मग पाऊस आला आणि पाणी चढलं.

महादेवरावनं गाठीवर तळहात ठेवून ती झाकली.

"पाण्यानं पडली वं ही," तो म्हणाला. "कपडा फिरत राहिला का पाणी बी गाठ मारते. लय पायल्या म्या अशा."

लहानूनं मान वर केली. गाठ त्यालाही दिसली होती. तो काही बोलणार तोच कौशल्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि त्यानं तोंड मिटलं.

"हाव मामाजी," ती म्हणाली. "पाण्याचीच आहे."

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याच्या बंद डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

पोलीस आले, पंचनामा झाला, दामिनी खापरखेड्याहून आली. सावंगीच्या नव्या मरघटात रुपरावला आग दिली. फांदी सरणावर ठेवली ती गाठीसकट. सोडवायचा कोणी प्रयत्न केला नाही. कौशल्यानं बांगड्या दुसऱ्या बाईला फोडू दिल्या नाहीत. स्वतः दगडावर बसली आणि एकेक करून फोडल्या.

रविवारी लहानूनं चार गडी गोळा केले आणि पिंजरे ओढून डोंगराच्या नाकाच्या तोंडाशी नेले. दोऱ्या सोडवाव्या लागल्या. उलट्या फेराच्या त्या गाठी सोडवायला त्याला अर्धा दिवस लागला, पण त्यानं एकही कापली नाही.

सोमवारी सकाळी तो पोतं घेऊन कौशल्याच्या आधी पिंजऱ्यावर उतरला. काही न बोलता दाणे टाकू लागला. भोंगा वाजला. नव्या जागी पाणी जरा जोरानं आलं आणि मासे फेरा मोडून उभे राहिले, भिंतीकडं तोंड करून. दाण्यांवर तुटून पडले. त्या दिवशी एकही मासा मेला नव्हता.

कौशल्यानं पदराचं टोक सोडलं. भाताचा गोळा हातात धरून ती पट्टीवरून मागच्या टोकाला गेली आणि माशांच्या शेपट्यांकडं तो पाण्यात ठेवला.

"उशीर झाला," ती म्हणाली. "जेवा."

भात जरा वेळ तिच्या हाताशी घुटमळला आणि मग डोंगराच्या नाकाला वळसा घालून चिंचेकडं गेला.